तीन नंबरची बावीस इंजिनं

एखादी संस्था चालू आहे की बंद पडली आहे, हे तिच्या कामावरून ठरवायला गेलं तर माणूस निराश होतो. ते आवाजावरून ठरवावं. पंप घुरघुरला म्हणजे पाणी चढतंय, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हणजे वरण शिजलं आणि सभेत आवाज चढले म्हणजे संस्था जिवंत आहे, असं आपण मानत आलो, आणि त्यात आपलं फारसं काही बिघडलेलं नाही. (वरण कधी कधी कच्चं निघतं. पण तो वरणाचा दोष.)

याच तत्त्वावर मुलुंड पूर्वेच्या दत्तछाया सोसायटीत, पंपाच्या खोलीवरच्या खोलीत, आमचं 'पूर्व उपनगर सूक्ष्म रेल्वे मंडळ' नऊ वर्षं उभं आहे. मी त्याचा मानद चिटणीस. सूक्ष्म रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेच्या सत्त्याऐंशीपट लहान रेल्वे: वीतभर इंजिन, बोटभर रुंद रूळ. ज्यांना ही लहान मुलांची खेळणी वाटतात त्यांना नियम क्रमांक एकनुसार खोलीत प्रवेश नाही. लहान मुलांनाही नाही.

आमचे सभासद तेवीस आणि इंजिनं तेवीस. पूर्वी ही इंजिनं नुसती धावायची. रुळात वीज सोडली की निघाली, बंद केली की थांबली. त्यात ना उपसमिती लागायची, ना इतिवृत्त. अशा मागासलेल्या अवस्थेत मंडळाची चार वर्षं वाया गेली. मग डिकोडर आला.

डिकोडर म्हणजे नखाएवढी एक हिरवी पट्टी. ती इंजिनाच्या पोटात बसवली की हातातल्या कंट्रोलरवरून इंजिनाला हुकूम सोडता येतात: पुढचा दिवा लाव, मागचा लाव, भोंगा दे, ब्रेक कचकचव, इंजिन धडधडव. एकूण आवाज अठ्ठावीस. त्यात 'पंखा सुरू झाल्याचा' आणि 'पंखा बंद झाल्याचा' असे दोन आवाज वेगवेगळे आहेत. ड्रायव्हरच्या केबिनमध्येही एक दिवा लागतो. त्याच्या उजेडात, आत कोणी नाही, हे स्पष्ट दिसतं.

ही पट्टी बसवण्याचं काम बाळा तावडे करतो. वडील गिरणीत साचे चालवायचे, बाळा घाटकोपरला मोबाइल दुरुस्त करतो, आणि अख्ख्या मंडळात सोल्डरचा हात त्याच्या एकट्याला आहे. (म्हणूनच त्याला कुठल्याही उपसमितीवर घेतलेलं नाही. हाताने काम करणाऱ्याचा निर्णय निष्पक्ष राहत नाही.) लाल आणि काळी वायर रुळांकडून येते, नारिंगी आणि करडी मोटरला जाते, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांना मिळून एक, आणि जांभळ्या दोन स्पीकरला. यातली एक जरी चुकली तरी पट्टीतून बारीकसा धूर येतो आणि सभासद खाली बसतो. सुरुवातीला अशा सहा पट्ट्या गेल्या. मंडळाने बाळाकडे खुलासा मागितला. त्याने तो तोंडी दिला: "करडी आनि काळी तुमच्या ह्या ट्यूबलायटीत सारखीच दिसतत. माका काय स्वप्न पडता?" त्यावर ट्यूबलाइट बदलण्याचा ठराव झाला. ट्यूबलाइट अजून तीच आहे, पण ठराव चांगला झाला.

आता एक तांत्रिक गोष्ट. इंजिनाच्या पोटात शिशाचा एक ठोकळा असतो, चाकांनी रूळ धरून ठेवावा म्हणून. स्पीकरला जागा करायची तर हा ठोकळा कापून काढावा लागतो. तो काढला की इंजिन हलकं होतं आणि त्याला डबे ओढवत नाहीत. तीन डबे जोडले की चाकं जागच्या जागी गरगरतात. पण त्या वेळी आतून डबे ओढल्याचा जो आवाज येतो, तो ऐकून छाती भरून येते. आम्ही सर्वेक्षण केलं. तेव्हाच्या बावीसपैकी वीस सभासदांना आपलं इंजिन पूर्वीपेक्षा ताकदवान झाल्यासारखं वाटलं. उरलेल्या दोघांना ऐकू कमी येतं.

आवाज कुठला भरायचा, हे अध्यक्ष मार्तंड पाटणकर यांनी ठरवलं. पाटणकरांची हयात वजनमाप निरीक्षक म्हणून गेली. त्यामुळे कोणतीही वस्तू तिच्यावर शिक्का बसेपर्यंत खोटी असते, ही त्यांची धारणा पक्की आहे. आपली जुनी डिझेल इंजिनं मूळ अमेरिकन बांधणीची. तिकडच्या कुणा शौकिनाने तसल्याच इंजिनाचा आवाज त्याच्या गावच्या यार्डात टिपून इंटरनेटवर ठेवला होता. पाटणकरांनी तो हेडफोन लावून साठ वेळा ऐकला. एक्केचाळिसाव्या सेकंदाला पाठीमागे एक कुत्रा भुंकतो. तो काढावा की ठेवावा, यावर दोन बैठका झाल्या. मूळ ध्वनीत फेरफार नको, या तत्त्वावर फाइल 'कुत्र्यासह प्रमाणित' झाली आणि सगळ्या इंजिनांत भरली गेली. तेव्हापासून आमचं कुठलंही इंजिन सुरू केलं की एक्केचाळिसाव्या सेकंदाला अमेरिकेतलं कुत्रं भुंकतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग अंबादास शेजवळ सभासद झाले.

शेजवळ मूळचे जालन्याकडचे. एकतीस वर्षं रेल्वेत. त्यातली बहुतेक कुर्ल्याहून ट्रॉम्बेच्या बाजूला तेलाच्या टाक्यांची मालगाडी नेण्यात गेली. त्यांची मुलगी संघमित्रा अंधेरीला डबिंग स्टुडिओत काम करते. तिने वडिलांना सत्तरीला एक वीतभर डिझेल इंजिन भेट दिलं आणि त्यासाठी रूळ हवेत म्हणून ते आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचं एक इंजिन शांतपणे ऐकून घेतलं, एक्केचाळिसाव्या सेकंदाला मान वर केली आणि म्हणाले, "हे कुत्रं आपल्याकडचं नाय."

"कशावरून?" पाटणकरांनी विचारलं.

"यार्डातली कुत्री मी एकतीस वर्षं बघितलीत ना. आपलं कुत्रं इंजिनावर भुंकत नाय. इंजिनाखाली झोपतं."

हे म्हणणं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. त्यापुढे पाटणकरांनी शेरा मारला: 'सदर सभासदाने केवळ प्रत्यक्ष काम केले आहे. ध्वनिमुद्रण जोडलेले नाही. सबब ग्राह्य नाही.' शेरा मुद्देसूद होता. मीच टाइप केला.

शेजवळांना कुत्र्याचं फार काही नव्हतं. त्यांना हवा होता भोंगा. त्याची हकीकत अशी. त्यांचं रेल्वे क्वार्टर कुर्ल्याला रुळाला लागून होतं, आणि तेव्हा घरात फोन नव्हता. ड्युटी संपवून गाडी यार्डात आणताना ते क्वार्टरच्या पुढ्यात भोंगा द्यायचे: दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी थोडासा ओढून सोडलेला. तो ऐकला की सुंदराबाईंना कळायचं, नवरा आज घरी येतोय. भोंगा नाही आला तर समजायचं की पुढे पाठवलं, वाट बघू नको, जेवून घे. असे एकतीस वर्षं सुंदराबाईंनी नवऱ्याचे भोंगे ऐकले. पण त्याला गाडी चालवताना कधी पाहिलं नाही. इंजिनात घरच्यांना घेता येत नाही आणि रुळावर जाऊन उभं राहावं, अशा त्या बाई नव्हेत. गेल्या दिवाळीत त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सगळं साफ दिसतंय. एकदा दाखवा तरी, तुम्ही करायचा काय ते."

शेजवळांची मागणी एवढीच होती. आमच्या वार्षिक प्रदर्शनात, बायकोसमोर, आपल्या भोंग्यासकट आपलं इंजिन एकदा चालवायचं.

संघमित्राने वडिलांना स्टुडिओत बसवलं, जुन्या भोंग्याचा आवाज शोधला, त्यांच्या हातात एक बटण दिलं आणि डोळे मिटून वाजवायला सांगितलं. ती फाइल शेजवळांनी रीतसर अर्जासोबत जोडली. उपसमितीने ती ऐकली. रेल्वेचं नियमपुस्तक काढलं. दोन आखूड, एक लांब आणि शेवटी ओढून सोडलेला, असा संकेत त्यात कुठेच नव्हता. मग मंडळाने शेजवळांना कारणे दाखवा नोटीस दिली: 'आपण सेवाकाळात, अंदाजे सहा हजार वेळा, नियमात नसलेला भोंगा वाजवल्याचे आपल्याच अर्जावरून दिसून येते. याबाबत लेखी खुलासा करावा.'

शेजवळांनी लेखी खुलासा केला. कागदावर एकच शब्द होता: 'वाजवला.'

मला त्या वेळी वाईट वाटलं. तसं नोंदवायची सोय इतिवृत्तात नसल्यामुळे मी ते नोंदवलं नाही. पण मी मध्ये पडलो आणि तडजोड घडवून आणली: शेजवळांना प्रदर्शनात चार मिनिटं इंजिन चालवायला मिळेल, भोंगाविरहित. मला वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, "नसू दे भोंगा. आवाज तिनं लई ऐकला. चालवताना बघू दे."

आता पत्त्यांचा विषय. प्रत्येक डिकोडरला एक नंबर असतो, त्याला पत्ता म्हणतात. कंट्रोलरवर तो नंबर टाकला की तेच इंजिन ऐकतं, बाकीची गप्प राहतात. कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरचा पत्ता तीन असतो. तो ज्याने त्याने बदलून घ्यायचा. बदलायला अर्धं मिनिट लागतं. आमची पत्ता वाटप उपसमिती पाच वर्षं काम करते आहे.

अडचण एक नंबरची होती. अध्यक्ष या नात्याने तो पाटणकरांना हवा होता. पण मंडळाचं पहिलं इंजिन विकत घेणाऱ्या बोरिवलीच्या सभासदाचाही त्यावर दावा होता, आणि एका सभासदाला जन्मतारखेप्रमाणे बेरीज एक येणारा कुठलाही नंबर चालणार होता, फक्त तो एकच असावा. एक नंबर कुणाचा हे ठरल्याशिवाय दोन नंबर घ्यायला कुणी तयार होईना, कारण दोन घेणं म्हणजे दुसऱ्याला एक देणं. सव्वीस बैठकांनंतर 'अंतिम निर्णय होईपर्यंत जैसे थे' असा ठराव एकमताने मंजूर झाला. (एकमताने झालेला आमचा हा एकमेव ठराव.) म्हणजे सगळी इंजिनं तीन नंबर. एक चालवायचं तर बाकीची उचलून खोक्यात ठेवायची. सोय उत्तम होती, आणि समतेचं तत्त्वही सांभाळलं जात होतं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाळाने शेजवळांचं इंजिन पुढ्यात ओढलं आणि विचारलं, "काका, खयचो नंबर टाकू?"

"परवानगी?" शेजवळ म्हणाले.

"परवानगेची वाट बघलात तर काकी परत मोतिबिंदूक येतली. बोला."

"एकतीस टाक."

बाळाने टाकला. त्या वेळी मी चहा सांगायला खाली गेलो होतो. निदान चौकशीत मी तसं सांगितलं.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. उपस्थिती चौसष्ट: सभासद तेवीस, त्यांचे नातलग तीस, जेवणानंतर हॉलमध्ये गारवा असतो म्हणून आलेले दहा, आणि लिफ्टवाला. सहा टेबलं जोडून मोठा चौकोनी रूळमार्ग मांडला होता. फोटो चांगले यावेत म्हणून पाटणकरांनी सगळी इंजिनं सकाळीच रुळांवर ओळीने, तोंडाला तोंड लावून उभी केली होती; शेजवळांचं तेवढं कडेच्या आखूड फाट्यावर होतं. दिवे लखलखत होते. केबिनमध्ये कोणी नव्हतं.

शेजवळांची वेळ साडेचारची. सुंदराबाई पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, निळी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून बसल्या होत्या. शेजारी संघमित्रा. शेजवळ पांढरा शर्ट घालून टेबलाशी आले, कंट्रोलर हातात घेतला आणि थांबले.

"पुढची इंजिनं उचला," ते म्हणाले.

"उचलता येणार नाहीत," पाटणकर म्हणाले. "मांडणी झालीये. तुम्ही जरासं पुढे-मागे करा ना. बघणाऱ्यांना काय कळतंय?"

"लाइन क्लिअर नाय."

"अहो शेजवळ, ही काय खरी लाइन आहे?"

"लाइन क्लिअर नाय, तर गाडी नाय," शेजवळांनी सांगितलं. कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि बायकोकडे बघितलं. सुंदराबाई चष्मा सावरून बघतच होत्या. त्यांना बघायला मिळालं ते एवढंच: नवरा गाडीजवळ उभा आहे आणि गाडी सोडत नाही.

चौसष्ट माणसं खोळंबलेली बघून पाटणकरांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांनी कंट्रोलर उचलला, मंडळाच्या ठरावाला अनुसरून त्यावर तीन नंबर टाकला आणि नॉब फिरवला.

बावीस इंजिनं एकाच वेळी निघाली. ठोकळे काढलेले असल्यामुळे ती डबे ओढू शकत नाहीत, हे मी वर म्हटलंच. पण डबे नसतील तर फार चपळ असतात. समोरासमोरची पहिली आठ तिथल्या तिथे एकमेकांत घुसली. मागची त्यांच्यावर चढली. पाटणकरांनी घाईत नॉब उलटा फिरवायच्या ऐवजी आणखी पुढे फिरवला, शिवाय चार-पाच बटणं दाबली, त्यामुळे बावीस पंखे सुरू झाले आणि बंद झाले, बावीस भोंगे वाजले, आणि कोपऱ्यावरची सहा इंजिनं टेबलाच्या कडेवरून एकामागोमाग खाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एक्केचाळिसावा सेकंद आला आणि हॉलमध्ये बावीस कुत्रे भुंकले. खाली वॉचमनजवळचा मोत्याही भुंकू लागला. (त्याचा आवाज अगदीच वेगळा होता, हे त्या दिवशी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं. इतिवृत्तात ते आलं नाही.)

सगळे ओरडत होते. "बंद करा" असं सांगणारे सतरा होते. शेजवळ चालत भिंतीपाशी गेले आणि बोर्डाचा प्लग उपटला.

हॉल शांत झाला. दिवे विझले. रुळावर एकच इंजिन जागच्या जागी, धड उभं होतं.

सुंदराबाईंनी पडलेल्या इंजिनांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "एकतीस वर्षं हेच करत होतात का हो?"

"नाय गं," शेजवळ म्हणाले. "हे होऊ द्यायचं नाय, त्याचा पगार होता."

चौकशी समितीचं काम तीन महिने चाललं. अहवाल मीच लिहिला आहे, आणि तो माझ्या आजवरच्या लेखनातला सर्वांत समतोल आहे. निष्कर्ष असे: बावीस इंजिनांनी मंजूर पत्त्यावर दिलेला हुकूम तंतोतंत पाळला, सबब ती निर्दोष. टेबलाची कड जिथे टेबल संपतं तिथेच होती, सबब टेबल निर्दोष. अध्यक्षांनी ठरावाबाहेर काहीही केलं नाही. तुटलेले बफर एकोणीस, वाकलेले आस अकरा, गहाळ चाक एक (ते पुढे अध्यक्षांच्या खिशात मिळालं). हुकूम सुटूनही जे हललं नाही, असं इंजिन एकच: क्रमांक एकतीस, पत्ता विनापरवाना. जे धडकलं नाही ते एकटंच दोषी ठरलं. त्याशिवाय लेखी परवानगीविना प्लग काढल्याबद्दल शेजवळांवर ठपका. शिक्षा, एक वर्ष निलंबन. इंजिनाचा पत्ता पुन्हा तीन करून दिल्यास सहा महिने.

शेजवळांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. "लिहिलंय झकास," मला म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. इंजिन त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि गेले.

बाळा त्यांच्या घरी रूळ बसवून आला. त्यानेच पुढचं सांगितलं. घाटकोपरला पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावर, पलंगाभोवती गोल रूळ टाकलाय. रोज साडेचारला शेजवळ आधी रुळावरून हात फिरवून लाइन बघून घेतात, मग शेजारी उकिडवे बसतात आणि गाडी सोडतात. सुंदराबाई पलंगावर पाय वर घेऊन बसतात आणि बघतात. पलंगाच्या कोपऱ्याशी आलं की भोंगा. "काय वाजता म्हाराजा," बाळा म्हणाला आणि मग त्याने आम्हाला शिव्या घातल्या.

ही गोष्ट पसरली. त्या भोंग्याला एकदम मागणी आली. पाटणकरांनीसुद्धा 'फेरतपासणीसाठी' फाइल मागवली. संघमित्रा वडिलांना म्हणाली, "पप्पा, पाठवून देते ना, दोन मिनिटांचं काम आहे." शेजवळांनी साफ नकार दिला. "मी काय फॉरवर्ड करायला वाजवला होता का? ज्याला ऐकायचाय त्यानं यावं. बसावं. चहा घ्यावा. ऐकावा."

तेव्हापासून चौकशा माझ्याकडे येतात, आणि मी त्यांची नोंद ठेवतो. आजपर्यंत दोनशे चौदा. प्रत्येकाला घराचा पत्ता, वेळ आणि 'दार उघडंच असतं' असं कळवलं आहे. पैकी दोनशे सहा जणांनी परत विचारलं, 'लिंक आहे का?' सात जणांनी अंगठा पाठवला. एक जण 'या रविवारी नक्की' म्हणाला. तो मी. मुलुंडहून घाटकोपर काही लांब नाही, पण रविवारी अहवालाची कामं असतात. प्रत्यक्ष गेलेले, शून्य. (बाळा धरला नाही. तो कामाला गेला होता.) सुंदराबाई सुरुवातीला रोज दोन कप चहा जास्त टाकायच्या, असं कळतं. आता टाकत नाहीत.

तुम्हीही इथवर वाचलंत, म्हणजे भोंगा ऐकावा असं तुमच्या मनात आलेलं आहे. तुमचा क्रमांक दोनशे पंधरा. लिंक नाही.